अश्वजितचे फ्यूज

आसगावात त्या गाडीला कोणी गाडी म्हणत नसे, मुर्द्याची गाडी म्हणत. साकोलीकडच्या एका दवाखान्यानं मोडीत काढलेली ती जुनी अँब्युलन्स. तिच्यातून नेलेली कितीतरी माणसं बरी होऊन आपल्या पायांनी घरी आली असतील, हे गावाला कधी सुचलं नाही. गावाला भलतं तेवढं लगेच सुचतं. अश्वजितनं ती हौसेनं विकत आणली, खरवडून निळा रंग दिला, तरी पुढच्या बाजूची ती आरशात वाचायची उलटी अक्षरं रंगाखालून डोकावतच राहिली. आता अश्वजित जाऊन तिसरा उन्हाळा लागला होता आणि गाडी त्याच्याच अंगणात, मोहाच्या झाडाखाली, त्यानं उभी केली होती तशीच उभी होती.

चंद्रकुमारनं मागचं दार ओढून आत पाय टाकला, त्या दुपारी पहिल्यांदा आत काहीतरी खुळखुळलं.

तो थबकला तसा आवाजही थांबला. गाडीत दोन बाकं, एक बंद पडलेला इन्व्हर्टर, भिंतीला औषधांचं लोखंडी कपाट आणि सगळ्यावर बोटभर धूळ. हलण्यासारखं काही नव्हतं. टपावर मोहाची फुलं पडत असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण आवाज वरून आला नव्हता. शिवाय तो ओळखीचा होता, हे जास्त वाईट. कुठं ऐकलाय ते मात्र काही केल्या आठवेना.

चंद्रकुमारचा जन्म खांबावर गेला असं म्हटलं तरी चालेल. लाइनमनची नोकरी, आणि त्या नोकरीतली बहुतेक वर्षं जोडीदार म्हणून अश्वजित. एक वर, एक खाली. चंद्रकुमार धान पिकवणाऱ्या घरातला, अश्वजित बुद्धविहाराच्या गल्लीतला; पण एका दोरावर जीव टांगलेल्या दोन माणसांत गल्ल्या फार काळ टिकत नाहीत. दोघांचा एक नेम होता. ज्याला खांबावर चढायचं त्यानं स्वतः डीपीपाशी, गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जायचं, डब्यातले तिन्ही फ्यूज स्वतःच्या हातानं उपसायचे आणि स्वतःच्याच खिशात टाकायचे. चिनीमातीचे ते पांढरे ठोकळे जोडीदाराच्या हाती द्यायचे नाहीत, डब्यावर ठेवायचे नाहीत, सख्ख्या भावावरही सोपवायचे नाहीत. म्हणजे फ्यूज खिशात आहेत तोवर वरची तार मेलेली, एवढं पक्कं. एकदा अश्वजित फ्यूज खिशात घेऊन तसाच घरी जेवायला बसला होता आणि अर्धं गाव अंधारात त्याच्या नावानं बोंबलत होतं. तुळसानं, त्याच्या बायकोनं, भाकर वाढता वाढता त्याचा खिसा चाचपला आणि कपाळावर हात मारून घेतला. ही गोष्ट दोघं पुढं किती वर्षं सांगत आणि हसत.

असा माणूस लाइन बंद न करता खांबावर चढला, असं कागदावर लिहिलं गेलं.

झालं ते असं. अश्वजितची सुट्टी होती. वाऱ्यानं त्याच्याच घरासमोरच्या शेवटच्या खांबावरची तार तुटली. त्या तारेच्या पुढं एकच घर, त्याचंच. घरचंच काम म्हणून गडी नुसत्या बनियन-चड्डीवर, खांबावर लटकायचा दोरीचा झुला बांधून वर चढला आणि तारेला हात लावताच गेला. चंद्रकुमार त्या दिवशी साकोलीला लग्नात होता. तो येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी अंधार पडू लागला तसं गावातल्याच कोणा शहाण्यानं डीपीच्या डब्यात तारा गुंडाळून लाइन सुरू करून टाकली. कोणी, ते कधी कळलं नाही. पुढं चौकशी आली. डब्यात गुंडाळलेल्या तारा, अंगावर फ्यूज नाहीत, घरात नाहीत. तारा गुंडाळणारा कबूल होईना, म्हणून डबा आधीपासून तसाच चालत होता असं धरलं. म्हणजे लाइन बंद केलीच नव्हती, माणूस स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. चंद्रकुमार चौकशीच्या साहेबांशी भांडला. तो असं करणारच नाही, म्हणाला. साहेबांनी शांतपणे विचारलं, मग फ्यूज कुठं आहेत?

तेव्हापासून गावात एक नवीनच बोलणं रुळलं. पोरगं मोटर बंद न करता वायर हाताळू लागलं की बाप ओरडायचा, “अश्वजित व्हाचं हाय काय तुले?” हे ऐकलं की चंद्रकुमारच्या अंगाची लाही व्हायची. भर चौकात त्यानं यावरून दोघांची गचांडी धरली होती. गावाशी भांडला, ऑफिसात भांडला. आणि सगळ्यांशी भांडून दमला की अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःलाच विचारायचा: खरंच विसरला असेल का तो? हा प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. भूतबित तो मानत नसे. भूत असतं तर सगळ्यांत आधी खांबावरून दिसलं असतं, असं म्हणायचा. पण त्याला जे छळत होतं त्याला दुसरं काय नाव द्यायचं?

गाडीचा विषय काढला तो खुशबूनं. अश्वजितची ही एकुलती एक पोर. बाप गेला तेव्हा बारावीला होती, आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. सुट्टीत आली आणि थेट चंद्रकुमारच्या घरी येऊन बसली. म्हणाली, बाबांना ही गाडी घरासारखी करायची होती, टपावर सोलरच्या प्लेटा बसवून आतमध्ये दिवे, पंखे, स्वयंपाकाला मिक्सरसुद्धा. आणि रिटायर झाल्यावर तुम्ही दोघं आम्हा सगळ्यांना सांचीला नेणार होता. प्लेटा तर बाबांनी आणूनही ठेवल्यात, खोक्यात पडल्यात. तेवढं पुरं करून द्या, बुद्धपौर्णिमेला आईला सांचीला नेऊ. चंद्रकुमारला नाही म्हणता येईना. त्याची बायको शकुनबाई मात्र हसली. म्हणाली, निवृत्त झालेल्या माणसाला घरात करमत नाही ते ठीक, पण मुर्द्याच्या गाडीत करमणार असेल तर जाताना लिंबू-मिरची तरी बांधून जा.

तुळसाला हे मुळीच पटलं नाही. ती एरवी चंद्रकुमारचा शब्द खाली पडू देत नसे. या वेळी तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

“भंगारात द्या ते धूड, भाऊजी,” ती म्हणाली. “मले त्यात बसाचं नाही, अन् पोट्टीलेही बसू द्याचं नाही.”

दुःख आहे, जुनं झालं की निवेल, असं चंद्रकुमारनं धरलं. माणूस दुसऱ्याच्या दुःखाला किती चटकन आपल्या सोयीचं नाव देतो!

काम सुरू झालं. आधी चौघा-पाचजणांकडून ढकलून गाडी झाडाखालून उन्हात आणली, कारण सावलीत प्लेट उपाशी राहते. ढकलताना आत खुळखुळ झालीच, पण ती हलत्या गाडीची म्हणून कोणी मनावर घेतली नाही. चंद्रकुमारचा तोरा मोठा होता. अकरा हजारांच्या लाइनीखाली डबा खाणारा माणूस; बारा व्होल्टचं काम म्हणजे त्याला पोरांचा भातुकलीचा खेळ वाटला. खुशबू मोबाइलवर बघून वाचून दाखवायची: आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट, मध्ये कंट्रोलर, लाल कुठं, काळी कुठं. तो ऐकल्यासारखं करायचा आणि आपल्याच मनानं करायचा. पहिल्याच दिवशी लाल-काळी उलटी लागून कंट्रोलर जळाला. त्याचा वास गाडीत दिवसभर कोंडून राहिला आणि शकुनबाईला महिनाभराची हसायची सोय झाली. दुसरा कंट्रोलर पवनीहून आणला, तेव्हापासून मात्र तो पोरीचं मुकाट्यानं ऐकू लागला.

असंच एकदा वायरी निवडताना खुशबू म्हणाली, “बाबाजवळ एक वायर होती. दोन्हीकडून पिनवाली. या इन्व्हर्टरले लावून ठेवे, अन् लाइन गेली का दुसरी पिन ओसरीच्या बोर्डात खुपसे. घरातला पंखा सुरू होऊन जाये. कुठी गेली ते वायर?”

अंगणात तुळसा झाडत होती. खराट्याचा आवाज बंद झाला. चंद्रकुमार म्हणाला की असली वायर कोणी ठेवू नये, फार वाईट वस्तू असते. आणि नेलं असेल कोणीतरी. मग खराटा पुन्हा सुरू झाला.

आवाज मात्र आता पिच्छा सोडीना. चंद्रकुमार बाकावर बसून शांतपणे वायर सोलत असायचा, पानही हलत नसायचं, आणि त्याच्या पाठीमागं, अगदी पाठीला लागून, खुळ्ळ व्हायचं. हळू, एकदाच. खोलीतल्या माणसानं आपण आहोत हे सांगायला खाकरावं तसं. तो वळायचा तर मागं पत्रा. त्यानं बाकं उपसून बघितली, कपाट उघडून बघितलं. ते कपाट त्यानं तेव्हाही, चौकशीच्या दिवसांत, उघडलं होतं, कारण त्याची किल्ली अश्वजितच्या गळ्यात सापडली होती. तेव्हाही ते रिकामं होतं आणि आताही रिकामंच होतं. खुशबूलाही आवाज यायचा. ती घाबरत नसे. वर न बघता म्हणायची, “बाबा आहेत.” आणि कामाला लागायची. तिच्या त्या बिनघोर बोलण्यानंच चंद्रकुमारच्या अंगावर काटा यायचा. तुळसा तर आवाज झाला की हातातलं टाकून आत निघून जाई आणि दार लावून घेई.

मिस्त्रीनं इंजिन-टायर ठीक करून दिले, प्लेटा टपावर चढल्या, वायर खाली आली, दिवा लागला. अश्वजित बसायचा त्या बाकावरचा छोटा पांढरा दिवा. तो बदलून थोडा वर घ्यायचा होता. चंद्रकुमारनं बॅटरीजवळचा फ्यूज काढला आणि, हाताला लागलेली सवय, शर्टाच्या खिशात टाकला. खिशावरून एकदा हात फिरवून त्यानं वरच्या वायरीला पक्कड लावली.

लखकन ठिणगी उडाली. बोट भाजलं. आणि डोक्यावरचा दिवा, ज्याचा फ्यूज त्याच्या खिशात होता, तो दोनदा मिचकावून लख्ख लागला.

चंद्रकुमार बाकावरून उतरून खाली बसला. बोटाचा चटका काहीच नव्हता, असले त्यानं किती खाल्ले होते. पण खिशात फ्यूज आणि तारेत करंट! उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. त्याला वाटलं, हा दिवा कोणीतरी लावला. त्यानं छातीवर हात दाबला, फ्यूज होता. दिवा जळत होता. “अशू,” तो म्हणाला, आणि आपण मोठ्यानं बोललो हे त्याला नंतर कळलं.

खुशबू धावत आली. तिनं बघितलं, मोबाइल चाळला आणि हसू दाबत सांगितलं की काकाजी, बॅटरीकडून तुम्ही बंद केलं, पण वर प्लेट आहे ना. ऊन आहे तोवर प्लेटला बंद नसतं. ती आपली पाठवतच राहते. मग तिनं घरातली गोधडी आणली, टपावर चढून प्लेटांवर पसरली, आणि खाली दिवा मावळला.

चंद्रकुमार त्या विझलेल्या दिव्याखालीच बसला. फ्यूज खिशात, तरी करंट. कारण तो दुसऱ्या बाजूनं आला. इतकी वर्षं तो ऑफिसात, चौकात, स्वतःच्या अंथरुणावर एकच गोष्ट घोकत होता: त्यानं फ्यूज काढले असते तर तो मेला नसता. साहेबही तेच म्हणत होते. आणि ते खरं नव्हतं. फ्यूज काढूनही माणूस मरू शकतो. म्हणजे अश्वजितनं फ्यूज काढले असतील. पण मग पुन्हा तोच साहेबांचा प्रश्न. कुठं आहेत?

त्याच्या पाठीमागं खुळखुळलं.

या वेळी तो वळला नाही, उठलाही नाही. नुसता कान मागं नेऊन पत्र्याला टेकवला. आणि तो आवाज कुठला ते त्याला आठवलं. खांबावर चढताना आपल्याच छातीवर होणारा आवाज. चिनीमातीवर चिनीमाती.

त्यानं पेचकस उचलून स्क्रू काढायला घेतले. खुशबू तोवर पवनीच्या बाजारी निघून गेली होती. आतलं प्लायवुड सुटलं, जुना थर्माकोल गळून पडला, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत, अगदी तळाशी, ते होते. तीन पांढरे ठोकळे. कपाटाचा तळ मागच्या बाजूनं गंजून फाटला होता, तिथून घसरून खाली पडलेले. त्यानं एक उचलून उन्हात धरला. फ्यूजची तार दोन पदरी पिळून बसवलेली. अख्ख्या तालुक्यात असा पीळ एकच माणूस द्यायचा.

बनियन-चड्डीला खिसा नव्हता. म्हणून अश्वजितनं फ्यूज गाडीतल्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि मग खांबावर चढला. नेम मोडला नव्हता. चंद्रकुमार ते तिन्ही ठोकळे छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. उद्याच ऑफिसात जायचं, साहेबाच्या टेबलावर हे आपटायचे. मग चौकात. एकेकाला उभं करून दाखवायचे.

तुळसा मागच्या पडवीत सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. त्यानं ठोकळे तिच्या पुढ्यात ठेवले.

“सापडले, वहिनी. गाडीतच होते. त्यानं काढले होते. अशू इसरला नव्हता.”

तुळसानं सूप खाली ठेवलं. फ्यूजकडं बघितलं. ती दचकली नाही, रडली नाही. पदरानं हात पुसले.

“मले माहीत आहे, भाऊजी,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. फार थोड्या शब्दांत, जणू रोज मनात म्हणून म्हणून ते घासून लहान झालं होतं. त्या दिवशी ती मागून काड्या घेऊन घरात आली. तार तुटलेली, घरात लाइन नाही, आणि डोक्यावर पंखा फिरत होता. खुशबू भिंतीकडं तोंड करून कानात बोटं घालून धडा पाठ करत होती. परीक्षा जवळ होती, उकडत होतं, बापाचं बघून तिनं ती दोन पिनांची वायर बोर्डात खुपसली होती. घरातून करंट उलटा तारेत गेला होता. तुळसा धावत बाहेर आली तो अश्वजित वर झुल्याला लोंबकळत होता. तिनं परत येऊन वायर उपटली, गाडीकडचं टोकही ओढून काढलं. लोक जमायच्या आत. मग त्या गर्दीत, त्या आकांतात, सरणाची तयारी चालली असताना तिनं ती वायर ओच्यात घालून नेली आणि बोडीत, शेतामागच्या लहान तळ्यात, बुडवली.

“तिले काहीच ठाऊक नाही,” तुळसा म्हणाली. “बाप लाइन बंद कराची इसरला म्हणून गेला, तेवढं तिले ठाऊक आहे. तुमचे हे फ्यूज गावात दिसले का लोक इचारतीन, मंग करंट आला कुठून? बाकीच्यायले समजाले येळ लागन. तिले नाही लागणार. तुमच्यासंगं हेच तं शिकून राहिली ना ते.”

चंद्रकुमारला राग आला. खरा, पोटातून आलेला राग. बाईनं नवऱ्याच्या नावाला डाग लागू दिला, आणि आपण वेड्यासारखे जगाशी भांडत होतो तेव्हा ही बघत राहिली. तो तसं बोललाही. गाव काय म्हणतं ते तुम्हाला ऐकू येत नाही का, असं विचारलं.

“मले रोज ऐकाले येते,” तुळसा म्हणाली. “म्हणू द्या. मेलेल्याले इसरभोळा म्हटलं तर त्याचं काय जाते? पोट्टीले अजून उभा जनम काढाचा आहे. तुमी त्याच्यासाठी लय भांडले, भाऊजी. आता त्याच्याचसाठी चूप बसा.”

सुपातली लाखोळी तशीच पडली होती. शेवटी त्यानं फ्यूज उचलले. गाडीत जाऊन खांद्यावरच्या दुपट्ट्यात तिन्ही वेगवेगळे गुंडाळले, वरून दोरीनं आवळून बांधले, जरासुद्धा आवाज होऊ नये म्हणून. पोकळीत ठेवले, भोवती नवा थर्माकोल ठासला, प्लायवुड लावलं आणि सगळे स्क्रू पिळून पिळून बसवले. गाडीच्या तळाशी एक भोक होतं, त्यातून ती वायर एकेकाळी घराकडं जायची. ते त्यानं पत्रा ठोकून कायमचं बुजवलं. खुशबू बाजारातून परतली तेव्हा तो दिवा बसवत होता.

आवाज बंद झाला. खुशबूच्याही ते ध्यानात आलं. “बाबा उगे झाले,” ती म्हणाली, जरा उदास होऊन.

निघायच्या आदल्या दिवशी समोरच्या खांबावर काम निघालं. गावात नवीन लागलेला लाइनमन, गोलू, खाली उभ्या मदतनिसाला हसत हसत ओरडला, “फ्यूज काढले ना बे? नाही तं अश्वजित होऊन जाईन माह्या.” चंद्रकुमार गाडीच्या दारात पान्हा घेऊन उभा होता. गोलूनं त्याला बघितलं आणि जीभ चावली. आता हा म्हातारा खांब हलवून खाली पाडणार, अशी त्याची खात्रीच होती. चंद्रकुमारनं मान खाली घातली आणि नट आवळत राहिला. आवळून झालेला नट होता तो.

खुशबू टपावर प्लेटा पुसत होती. तिनं हे पाहिलं.

संध्याकाळी सामान भरून झालं. शकुनबाई डबे बांधून देऊन भांडी घ्यायला घरी गेली होती. तुळसा अखेर गाडीत चढली होती आणि अश्वजितच्या बाकावर, कपाटाजवळच्या पत्र्याला पाठ लावून बसली होती. दिवसभराचं ऊन बॅटरीत भरलं होतं. चंद्रकुमारनं बटण दाबलं आणि गाडीतले सगळे दिवे लागले, पंखा फिरू लागला. अश्वजितला हेच बघायचं होतं. खुशबूनं पंख्याकडं बघितलं, मग चंद्रकुमारकडं.

“काकाजी, गोलू बोलला तवा तुमी काहीच नाही म्हटलं.”

तो वायरींच्या खोक्यात काहीतरी शोधू लागला.

“बाबा खरंच इसरले होते काय?”

पंखा फिरत होता. चंद्रकुमारच्या जिभेवर ती दोन पदरी पिळलेली तार, ते कुलूप, ती गळ्यातली किल्ली, सगळं येऊन उभं राहिलं.

“हो, बेटा,” तो म्हणाला. “इसरला तो.”

खुशबूनं मान हलवली. डोळे भरून आले होते, पण तिनं पुसले नाहीत. “सारं गाव म्हणे तरी मले खरं नाही वाटे,” ती म्हणाली. “एक तुमीच नाही म्हणत होते ना.”

चंद्रकुमारनं पंखा बंद केला. गाडी उभी होती, वारा पडला होता, दुपट्ट्याच्या गाठी त्यानं स्वतः आवळल्या होत्या. आणि तुळसाच्या पाठीमागच्या पत्र्यात, हळू, एकदाच, खुळ्ळ झालं.

“ऐकलं काय?” खुशबू उठून उभी राहिली.

“मोहाचं फूल पडलं असन टपावर,” तुळसा म्हणाली. तिनं पाठ पत्र्याला आणखी घट्ट टेकवली.

“हो, फूलच,” चंद्रकुमार म्हणाला.

मोहाचा हंगाम सरून महिना झाला होता, आणि गाडी झाडापासून लांब, उघड्या आभाळाखाली उभी होती.